कांचनचं दूध आणि लाल सिग्नल

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको. माहेरी गुरसरायला मला सगळे मिरची म्हणायचे. लग्न होऊन झाशीला आले तर सासरीही तेच नाव इतक्या लवकर पडलं की माहेरच्या कुणीतरी आगाऊ खबर पोचवली असावी, असा माझा आजही संशय आहे.

आम्ही गुरसरायचे जुने मराठी. किती पिढ्या तिथे गेल्या ते कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की बुंदेली, आणि दोन्हींची अशी सरमिसळ की पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून सासूबाईंनी मुलाला विचारलं, "मार्तंड, ही मराठीच बोलते आहे ना रे?" सासूबाई भुसावळच्या. सासरे इंजिन ड्रायव्हर होते, आणि आमचे हेसुद्धा ड्रायव्हर, झाशी ते कानपूर मालगाडीवर. रेल्वेची माणसं म्हणजे उरलेल्या जगाला पॅसेंजर समजणारी. शेजारणींना माझी ओळख करून देताना सासूबाई न चुकता म्हणायच्या, "गुरसरायची आहे. रेल्वेतली नाही." माझ्यात काही व्यंग असल्यासारखं आवाज खाली करून म्हणायच्या. मला राग यायचा, पण नव्या नवरीनं किती बोलायचं, म्हणून मी गिळायचे. तेवढंच एक मी गिळलं असेल.

प्रेम नगरात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खिडकीतून रेल्वेची लाईन दिसायची आणि जरा पलीकडे आउटर सिग्नल. स्टेशनात जागा नसली की गाड्या तिथे ताटकळत उभ्या राहायच्या. कोळशाच्या इंजिनांचे दिवस ते. वाळत घातलेलं लुगडं आत आणायला उशीर झाला की ते परत धुवायला टाकावं लागे.

कांचन झाली तेव्हा माझी आई येऊन राहिली, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शेक-शेगडी सगळं यथासांग करून, सव्वा महिना झाल्यावर गुरसरायला परत गेली. आई होती तोवर कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. पोर चुळबुळली की आई म्हणायची, घे तिला, आणि मी घ्यायची. कांचन प्यायची, डुलकी घ्यायची, डोळे उघडून परत प्यायची. संध्याकाळी तर ती माझ्या अंगावरून खाली उतरतच नसे. मला वाटायचं, असतील सगळीच पोरं अशी. आई गेली आणि सासूबाईंच्या ते डोळ्यांवर आलं. "अगं, आत्ता तर पाजलंस. हिचं पोट आहे की टाकी?" त्या म्हणाल्या. त्यात शेजारच्या भानुमतीकाकू येऊन गालाला हात लावून बसल्या आणि म्हणाल्या, "दूध पुरत नसेल हो." एवढं पुरे झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात.

रेल्वेच्या माणसांची भिस्त ज्या दवाखान्यावर होती, तिथल्या डॉक्टरीणबाई नुकत्याच लखनौहून शिकून आलेल्या होत्या. मनानं चांगल्या, हे मी म्हणेन. रांग कितीही मोठी असो, कुणाला परत पाठवत नसत. पण बोलायच्या कशा, तर हुकूम सोडल्यासारख्या. त्यांनी कांचनला उलटसुलट करून पाहिलं आणि मला सांगितलं, "चार-चार तासांनी पाजायचं. मध्ये रडली तर रडू द्या. आपोआप शिकते. सारखं सारखं पाजलं तर पोट बिघडेल आणि तुमचं दूध पातळ होईल."

हे ऐकून घरी येतो तर दारात दीदी उभ्या. दीदी म्हणजे म्युनिसिपालिटीच्या प्रसूती केंद्रातल्या हेल्थ व्हिजिटर, घरोघर फिरून बाळंतिणींची चौकशी करायच्या. पांढरी साडी, हातात छत्री, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला कळावं दीदी आल्या. त्यांनी चार तास ऐकले आणि कपाळावर हात मारला. "चार घंटे? अरे बहू, बच्ची है कि बकरी? दो-दो घंटे पर पिलाओ. सो रही हो तो उठाकर पिलाओ." म्हणजे एकीच्या मते रडली तरी पाजायचं नाही, आणि दुसरीच्या मते झोपली तरी उठवून पाजायचं. माझ्या आतेसासऱ्यांच्या ओळखीचे एक वैद्यबुवा होते शहरात, त्यांच्याकडेही सासूबाई जाऊन आल्या. ते म्हणाले, वेळेचं काही नाही, पण दूध जड आहे, पाजण्याआधी थोडं पिळून टाकत जा. कप्पाळ माझं. पुरत नाही म्हणून निघालो होतो आणि हे म्हणतात पिळून टाका.

त्या दिवशी हे ड्यूटीवरून आले, अंघोळ करून जेवायला बसले, तेव्हा मी सगळं यांच्यापुढे मांडलं. मला वाटलं होतं, निदान हे तरी म्हणतील की तुला काय वाटतं गं. हे आमटीत भाकरी कुस्करत बराच वेळ विचार करत राहिले. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "याला आमच्याकडे नियम आहे. दोन सिग्नल एकमेकांच्या उलट दिसले, किंवा सिग्नल नीट कळलाच नाही, तर जो थांबवतो तो खरा मानायचा. धोका पत्करायचा नाही. चार तास म्हणजे थांबवणारा सिग्नल. तोच पाळायचा."

सासूबाईंनी मान डोलावली. सारा जन्म त्यांनी हा नियम सासऱ्यांच्या तोंडून ऐकला होता आणि त्याच नियमानं सासरे रिटायर होईस्तोवर सुखरूप घरी येत राहिले होते. मला हसावं की रडावं कळेना. दोन सल्ल्यांतून एक निवडायचा तर लोक देवाला कौल लावतात, कुणी वडीलधाऱ्यांना विचारतात. माझ्या पोरीचं दूध मात्र रेल्वेच्या नियमांच्या, जनरल रूल्सच्या, पुस्तकानं ठरलं. हे असं फक्त रेल्वेच्याच घरात होऊ शकतं.

मग सुरू झाली कांचनची ड्यूटी. यांचं गजराचं घड्याळ सासूबाईंनी फडताळावर समोर आणून ठेवलं. पोर रडायला लागली की त्या तिला खांद्यावर टाकून येरझारा घालायच्या, घड्याळाकडे बघायच्या, गुळाचं पाणी बोटानं चाटवायच्या. पोर त्यांच्या पदराला तोंड लावून शोधत राहायची. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायची आणि तिचा आवाज आला की माझी चोळी भिजून जायची. लाटणं हातात, दूध पोटावरून ओघळतंय, पोर पलीकडच्या खोलीत भुकेली, आणि मध्ये एक घड्याळ. तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या बाईनं ते घड्याळ फोडलं कसं नाही. मी फोडलं नाही कारण मी घाबरले होते. शिकलेल्या बाईनं सांगितलंय, न जाणो आपल्या हट्टापायी पोरीला काही झालं तर, ही भीती माझ्या रागापेक्षा मोठी होती.

आणि मग चोळी भिजायची थांबली. आधी थोडी कमी, मग अगदीच कमी. वेळ झाली की मी घाईघाईनं कांचनला घ्यायची, पण ती रडून रडून दमलेली असायची. दोन घोट घ्यायची आणि तोंडात तसंच धरून झोपून जायची. उठवलं तरी उठायची नाही. घरात सगळे म्हणाले, बघ, शिकली. हल्ली रडत नाही. मला मात्र तिचं ते न रडणंच सहन होईना.

वजनाच्या दिवशी कांचनला दवाखान्यातल्या काट्यावर ठेवलं तर वजन वाढलेलं तर नाहीच, उलट उतरलेलं. डॉक्टरीणबाईंनी परत एकदा ठेवून पाहिलं. मग म्हणाल्या, "दूध कमी पडतंय. पुढच्या वजनाला वाढली नाही तर डब्याचं दूध सुरू करू. बाटलीनं." त्यांनी ते काळजीनंच सांगितलं, पण मी कांचनला काट्यावरून उचलून घट्ट छातीशी धरलं. भानुमतीकाकूंच्या सुनेचं मी पाहिलं होतं. मदतीला म्हणून बाटली आली, पोरानं अंगावर घेणं सोडलं, आणि बघता बघता तिचं दूध पार आटलं. बाटली एकदा आली की ती काही पाहुणी म्हणून येत नाही. वजनाच्या दिवशी दीदी मदतीला तिथे येत, पण त्या दिवशी त्या चिरगाँवला गेल्या होत्या, नाहीतर तिथेच दोघींची जुंपली असती आणि निदान मला कुणाची तरी बाजू घेता आली असती.

मला दुसरं काही नको होतं. माझं दूध माझ्या पोरीला मिळावं, एवढंच. दागिना नव्हे, माहेरपण नव्हे. आणि तेच हातातून चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी यांची सुट्टी होती. दुपारची वेळ. हे खिडकीशी बसून चहा पीत होते, सासूबाई गहू निवडत होत्या, कांचन पाळण्यात कुरकुरत होती. घड्याळाप्रमाणे अजून बराच अवकाश होता. मी पाळण्याची दोरी हातात धरून बाहेर बघत होते. आउटरला एक मालगाडी येऊन उभी राहिली होती. सिग्नल लाल. गाडी जागची हलत नव्हती, पण इंजिनात फायरमन वाकत होता, फावडं भरत होता, भट्टीचं तोंड उघडून आत टाकत होता. थोडा थांबायचा, आत डोकावायचा, परत अर्धं फावडं. मी बघतच राहिले. असं दृश्य मी रोज पाहत होते आणि कधीच पाहिलं नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "ती गाडी का उभी आहे?"

"आउटर लाल आहे. उभी राहणारच."

"मग तो फायरमन काय करतोय?"

"कोळसा घालतोय."

"गाडी तर उभी आहे. मग कशाला?"

यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की गुरसरायच्या पोरीला आता काय काय समजवायचं. "अगं, गाडी उभी राहिली म्हणून आग मरू द्यायची? स्टीम पडली तर सिग्नल मिळाल्यावर गाडी ओढणार कोण? उलट उभी असताना जास्त लक्ष ठेवावं लागतं. थोडं थोडं घालत राहायचं. नवा फायरमन काय करतो, बराच वेळ घालत नाही आणि मग एकदम ढीग ओततो. आग गुदमरते, नुसता काळा धूर."

"थोडं थोडं म्हणजे किती किती वेळानं?"

"वेळ कसली आली त्यात?" हे वैतागून म्हणाले. "आगीकडे बघून घालायचं."

बोलून झाल्यावर यांचा कप तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. सासूबाईंचा सुपातला हातही थांबला. मी खरं तर भांडायच्या तयारीनं पदर खोचून उभी होते. चांगली लांबलचक वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही लागलं नाही.

"तुमचा लाल सिग्नल गाडीला आहे," मी म्हटलं. "आगीला नाही."

मग मी कांचनला पाळण्यातून उचललं आणि तिथेच, यांच्यासमोर, सासूबाईंसमोर, भर दुपारी पाजायला घेतलं. पोर आधी नुसती तोंड लावून पडून राहिली. मी तिचा गाल चोळला, तळपाय चोळले, तिच्याशी बुंदेलीत बोलले, माझी आई माझ्याशी बोलायची तसं. शेवटी तिनं ओढायला सुरुवात केली. थोडं होतं, पण होतं.

हे उठून अंगणात गेले आणि बराच वेळ सायकल पुसत बसले. सासूबाई उठल्या. त्यांनी फडताळावरचं घड्याळ घेतलं, जुन्या पंच्यात गुंडाळलं आणि ट्रंकेत गोधड्यांच्या खाली ठेवून वर कुलूप घातलं. संध्याकाळी हे शोधायला लागले. "आई, घड्याळ कुठाय? मी ड्यूटीला उठू कसा?"

"रेल्वेचा कॉलमन येतो ना दारात बोंबलून उठवायला," सासूबाई म्हणाल्या. "त्याला काय फुकट पगार आहे?"

त्या दिवसापासून मी काही केलं नाही, फक्त पाजलं. कांचननं हात चावला, घेतली. मान वळवली, घेतली. घेऊन खाली ठेवली आणि परत तोंड उघडलं, परत घेतली. सुरुवातीला वाटायचं, अंगात काही उरलंच नाही, पोर नुसतं ओढून ओढून मला रिकामी करते आहे. कंबर मोडून यायची. पण तिनं जितकं ओढलं तितकं येत गेलं. दीदी म्हणत होत्या ते दोन तास आणि डॉक्टरीणबाईंचे चार, दोन्ही कुठल्या कुठे राहिले. सासूबाईंनी न बोलता चूल आपल्याकडे घेतली. मी ताटावर बसले असताना पोर रडली तर त्या मला घास भरवायच्या आणि मी पाजायची. त्यांच्या हातची आमटी मला तोवर तिखट लागायची. एकदा भानुमतीकाकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "परत पाजतेय?" सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या घरचं पाजतेय का?" त्यानंतर काकू काही दिवस आल्या नाहीत.

एक दिवस पोळ्या लाटायला म्हणून उठले. कांचन आतल्या खोलीत रडली आणि माझी चोळी भिजली. मी लाटणं हातात घेऊन तिथेच रडायला लागले. सासूबाई धावत आल्या, भाजलं की काय म्हणून. मी चोळी दाखवली. त्यांनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि मला आत ढकललं.

पुढच्या वजनाला आम्ही तिघंही गेलो. हे ड्यूटीवरून परस्पर आले होते, तोंडावर कोळशाची काजळी तशीच. मी रांगेत बसून कांचनला पाजत होते. नाव पुकारलं तेव्हाही ती पीतच होती. मी म्हटलं, जरा थांबा, आणि अख्खी रांग थांबली. आज दीदीही हजर होत्या, त्यांच्याच हातानं पोर काट्यावर गेली.

काटा स्थिर व्हायला वेळ लागला, कारण पोर लाथा झाडत होती. मग दीदींनी आकडा वाचला आणि डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठून बघायला आल्या. वजन चांगलं घसघशीत वाढलं होतं. माझ्या मागे यांनी एवढा मोठा श्वास सोडला की इंजिनच वाटावं.

"पाहिलंत?" डॉक्टरीणबाई खूश होऊन म्हणाल्या. "चार तासांची शिस्त लागली की पोरं सुधारतात."

"चार घंटे कहाँ, डॉक्टर साहब," दीदी म्हणाल्या. "मैंने दो-दो घंटे बताया था. उसी का असर है."

"दोन तासांनी पाजलं तर पोट बिघडतं."

"तो इसका बिगड़ा क्यों नहीं?"

दोघी माझ्या पोरीच्या डोक्यावरून बोलत राहिल्या. कांचन काट्यावर उघडी पडून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. शेवटी डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हीच सांगा. दिवसातून किती वेळा पाजता?"

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. महिन्यापूर्वी याच खोलीत माझ्या तोंडातून शब्द फुटला नव्हता.

"मोजलं नाही," मी म्हटलं.

"मोजलं नाही म्हणजे?"

"ती मागते तेव्हा देते. किती वेळा ते मोजलं नाही."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "पण मोजायला तर हवं होतं," त्या म्हणाल्या.

तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. नऊवारीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, दवाखान्यात नेहमी दाराशी उभं राहणारी बाई ती. "डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, "वजन मोजलंत ना तुम्ही? मग झालं." आणि त्यांनी कांचनला काट्यावरून उचलून माझ्या हातात दिलं. आधी दीदी हसल्या. मग डॉक्टरीणबाईही हसल्या, आणि म्हणाल्या, बरं, असंच चालू द्या, बाटलीचं बघायला नको. रांगेतल्या दोन बायका, ज्या मघापासून किती वाजले ते विचारत बसल्या होत्या, त्यांनी तिथल्या तिथे पदराखाली पोरं घेतलेली मी डोळ्यांनी पाहिली.

परत येताना सासूबाई कांचनला स्वतःजवळ घेऊन गल्लीच्या मधोमध चालत होत्या. एरवी त्या भिंतीकडेनं चालायच्या. भानुमतीकाकू ओट्यावर होत्या. त्यांनी विचारायच्या आधीच सासूबाई थांबल्या आणि पोरीची मांडी उघडी करून दाखवली. "बघा. नुसत्या अंगावरच्या दुधावर आहे हो. आमच्या गुरसरायच्या सुनेचं दूध." आवाज मुळीच खाली केला नव्हता.

घरी आल्यावर हे अंघोळीला गेले. कांचन कुरकुरायला लागली तशी सासूबाईंनी तिला माझ्या मांडीवर दिलं आणि माझ्यासमोर बसून राहिल्या, पोर पिताना बघत. मग म्हणाल्या, "मार्तंडाच्या वेळी रेल्वेतल्या गोऱ्या साहेबांच्या डॉक्टरनं मलाही घड्याळ लावून दिलं होतं, इंदू. महिन्याभरात माझं दूध गेलं. डब्यावर वाढला तो. मी आजवर समजत होते की माझ्यातच काही कमी होतं."

मी कांचनला दुसऱ्या बाजूला घेतलं.

"तेव्हा तुझ्यासारखं तोंड असतं मला तर," त्या म्हणाल्या, आणि हात पुढे करून त्यांनी कांचनचं प्यायलेलं, दुधानं ओलं झालेलं तोंड आपल्या पदरानं पुसलं.